दहा चौरस मीटरचा कायदा

भारतात औषध विकायचे असेल तर दुकान लागते, आणि ते दुकान केवढे असावे हेही लिहून ठेवलेले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा, त्याखालचे नियम १९४५ चे. किरकोळ विक्रीच्या दुकानाला या नियमांप्रमाणे किमान दहा चौरस मीटर जागा आणि औषधे नीट साठवण्याची सोय हवी. व्यवहारात याचा अर्थ एक चालू फ्रिज. परवाना नमुना २० आणि २१ मध्ये मिळतो आणि तो गिऱ्हाइकाला दिसेल असा भिंतीवर लावावा लागतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीच दिले पाहिजे. परवान्याशिवाय औषधविक्री केली तर कलम २७ नुसार किमान तीन वर्षे कैद आणि किमान एक लाख रुपये दंड आहे.

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातले टेंभुर्णी घ्या किंवा मराठवाड्यातले बाजारपेठेचे दुसरे कोणतेही गाव घ्या, ‘मेडिकल’ म्हणून ओळखले जाणारे दुकान हा कायदा डोळ्यांसमोर उभा करते. काउंटर, त्यामागे कंपन्यांच्या नावांनी लावलेले खण, कोपऱ्यात इन्सुलिन आणि लसींचा फ्रिज, भिंतीवर चौकटीत बसवलेला परवाना आणि शेजारी फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र. चौकटीतला माणूस काउंटरवर प्रत्यक्ष हजर असतोच असे नाही, ही गोष्ट वेगळी. तिच्याकडे पुढे येऊ. पण औषधाने गडबड झाली तर कोणाच्या दारात जायचे, हे गावाला पक्के ठाऊक असते. परवाना त्या दाराला दिलेला असतो.

मोबाइलवरून मागवलेल्या औषधाला असे एक दार नसते. अ‍ॅप चालवणारी कंपनी मुंबईत, बंगळूरुत किंवा गुरुग्रामला. चिठ्ठी नसेल तर फोनवर दोन मिनिटे बोलून ती देणारा डॉक्टर आणखी कुठे. बिलावर नाव असलेले परवानाधारक दुकान किंवा गोदाम तिसऱ्याच जिल्ह्यात. आणि खोके आणून देणारा कुरिअरवाला चौथा. यातल्या प्रत्येकाकडे आपापल्यापुरता कागद असतो. कंपनी म्हणते, आम्ही विकत नाही, आम्ही फक्त गाठ घालून देतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७९ मध्ये मध्यस्थाला जे संरक्षण आहे ते आम्हाला लागू आहे. डॉक्टर म्हणतो, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० पासून अमलात आहेत. दुकानदार नमुना २० दाखवतो, कुरिअरवाला पावती दाखवतो. विक्री नेमकी कुठे झाली, हा प्रश्न मात्र उरतो, आणि गेल्या दहा वर्षांतले खटले, समित्या, बंद आणि मसुदे त्याच्याभोवतीच फिरत आहेत.

जुना कायदा दुकानाला एवढा चिकटून का आहे, हे समजायला तो ज्या काळात झाला तिकडे पाहावे लागते. १९३० साली कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली, तेव्हा बाजारात भेसळीचे आणि कमी ताकदीचे औषध सर्रास मिळत होते आणि ते कोणी विकावे याला काहीच बंधन नव्हते. समितीने परवाना, तपासणी आणि प्रशिक्षित फार्मासिस्ट हे तीन उपाय सुचवले. त्यांतून १९४० चा कायदा आला आणि १९४८ चा फार्मसी कायदाही आला. त्या काळी औषध घेणे म्हणजे माणसाने दुकानात जाणे, याहून वेगळी कल्पना करण्याचे कारणच नव्हते. नियम करणाऱ्यांना खेडी मात्र आठवली होती. परिशिष्ट ‘के’ मधल्या सवलतीनुसार हजारापर्यंत लोकवस्तीच्या खेड्यात पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, खोकल्याच्या गोळ्या, बाम, ग्राइप वॉटर, टिंक्चर आयोडीन, कापूस, बँडेज अशा घरगुती वस्तू किराणा दुकानदारालाही परवान्याविना विकता येतात. टेंभुर्णीसारखे मोठे गाव या सवलतीत बसत नाही. आसपासच्या लहान वाड्या-वस्त्या बसतात.

महाराष्ट्राने औषधांच्या बेफिकिरीची किंमतही मोजलेली आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेल्याने चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्यावर दिलेला अहवाल अन्न व औषध प्रशासनाच्या कारभारावर इतका कडक होता की राज्याच्या औषधप्रशासनात तो नंतरही अनेक वर्षे मापदंड म्हणून सांगितला जाई. ‘एफडीए’ या तीन अक्षरांचा मराठी दुकानदाराला जो धाक आहे, त्याच्या मागे हा इतिहास आहे.

ऑनलाइन विक्रीचा खरा पेच औषधात नाही, चिठ्ठीत आहे. नियम ६५ चिठ्ठीबद्दल बरेच काही सांगतो. ती लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरची सही आणि तारीख हवी, रुग्णाचे नाव-पत्ता आणि किती औषध द्यायचे ते हवे. डॉक्टरने तसे लिहिलेले नसेल तर एकाच चिठ्ठीवर औषध दुसऱ्यांदा देता येत नाही. आणि या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत मोलाची अट अशी की, औषध देताना दुकानदाराने चिठ्ठीवर, डॉक्टरच्या सहीच्या वर, आपल्या दुकानाचे नाव-पत्ता आणि तारीख टाकायची. व्यवहारात हा रबरी शिक्का असतो. शिक्का बसला की चिठ्ठी ‘वापरलेली’ झाली. पुढच्या दुकानदाराला ती दिसते आणि झोपेच्या गोळ्यांसाठी तीच चिठ्ठी घेऊन पाच दुकाने फिरणारे गिऱ्हाईक तिथे अडते, निदान अडायला हवे.

मोबाइलवर चढवला जातो तो चिठ्ठीचा फोटो. फोटोवर शिक्का बसत नाही. एकच फोटो पाच अ‍ॅपवर पाच वेळा जाऊ शकतो, आणि पहिल्याने औषध दिले हे दुसऱ्याला कळायला मार्ग नाही, कारण त्यांच्या नोंदी एकमेकांना दिसत नाहीत. कागदी चिठ्ठी त्यानंतरही घरात कोरीच राहते. परिशिष्ट ‘एच १’ मधल्या औषधांचा, म्हणजे वरच्या पायरीची प्रतिजैविके, क्षयाची औषधे, झोपेच्या आणि नशेकडे नेणाऱ्या गोळ्या यांचा, प्रश्न अधिकच नाजूक आहे. १ मार्च २०१४ पासून या औषधांसाठी स्वतंत्र वही ठेवून तीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. परिशिष्ट ‘एक्स’ मधल्या औषधांना तर चिठ्ठीच दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे ठेवायची असते. ही यंत्रणा सगळी कागदाची आहे. तिला संगणकावर नेणे अवघड नाही, किंबहुना संगणकावर ती जास्त चांगली चालेल. पण त्यासाठी चिठ्ठीला एक क्रमांक आणि तो सर्वांना दिसेल अशी एकच नोंदवही लागेल, आणि ती देशात अजून नाही.

मराठवाड्यात हा कोरडा मुद्दा नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पोलिसी कारवायांच्या बातम्यांत नायट्राझेपामच्या गोळ्या ‘बटन’ या नावाने येतात आणि मालेगावात अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. दोन्ही औषधे एच १ मधली आहेत. दोन्ही रोगावर उपयोगी आहेत आणि दोन्हींचा काळा बाजार ऑनलाइन विक्रीच्या आधीपासून चालू आहे. खिडकी नवी उघडली म्हणून जुने दार आपोआप बंद होत नाही, हे ऑनलाइनच्या विरोधकांनीही ध्यानात घ्यायला हवे.

या विषयावर देशात पहिली मोठी ठिणगी पडली ती महाराष्ट्रातच. एप्रिल २०१५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने स्नॅपडील या संकेतस्थळाच्या मुंबईतल्या कार्यालयाची झडती घेतली. चिठ्ठीशिवाय देता न येणारी औषधे, त्यांत खोकल्याचे एक सिरप आणि लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्या, तिथे विक्रीला दिसत होती. आयुक्त हर्षदीप कांबळे यांनी कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी कुणाल बहल आणि इतरांवर गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले. आपण केवळ बाजारपेठ पुरवतो, विक्रेते वेगळे आहेत, आणि ती औषधे आता काढून टाकली आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. पुढच्या सगळ्या वादाचे दोन्ही बाजूंचे युक्तिवाद या एका प्रकरणात आले होते.

त्याच वर्षी जुलैत केंद्राच्या औषध सल्लागार समितीने ऑनलाइन विक्रीचा अभ्यास करायला उपसमिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद कांबळे यांच्याकडेच दिले. धाड घालणाऱ्या अधिकाऱ्यालाच नियम सुचवायला सांगणे हा सरकारी कारभारात विरळा दिसणारा शहाणपणा होता. २०१६ मध्ये आलेल्या अहवालाने सरसकट बंदी सुचवली नाही. नोंदणी, राष्ट्रीय पोर्टल आणि सवय लावणारी औषधे वगळून विक्री, अशी मधली वाट दाखवली. मार्च २०१७ मध्ये केंद्राने पोर्टलची कल्पना लोकांपुढे मांडली. कंपनीपासून गावातल्या मेडिकलपर्यंत प्रत्येकाने आपला माल आणि विक्री त्यावर चढवायची, असा तो बेत होता. गोळ्यांचे पाकीट कापून चार गोळ्या देणारा खेड्यातला दुकानदार प्रत्येक वेळी हे कसे भरणार, असा प्रश्न विचारून विक्रेते उठले. ३० मे २०१७ ला देशभर बंद झाला.

या बंदांमागची संघटना म्हणजे ऑल इंडिया ऑर्गनायझेशन ऑफ केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स. तिचे अध्यक्ष कल्याणचे जगन्नाथ शिंदे. त्यामुळे देशाच्या या भांडणातही महाराष्ट्र पुढेच. संघटनेने १४ ऑक्टोबर २०१५, मग ३० मे २०१७ आणि २८ सप्टेंबर २०१८ असे तीन बंद पाळले. तिची भाषा रुग्णाच्या सुरक्षेची होती: बनावट औषधे येतील, प्रतिजैविकांचा गैरवापर वाढेल, तरुण नशेला लागतील. हे सगळे खरे असू शकते. पण दुखणे सवलतीचेही होते. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किंमत बांधलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याची मर्यादा १६ टक्के धरलेली आहे. इतर औषधांवर परंपरेने वीस टक्के. अ‍ॅपवर पंचवीस टक्के सूट दिसली तर ती दुकानदाराच्या अख्ख्या नफ्यापेक्षा मोठी असते. ती गुंतवणूकदारांच्या पैशातून येते किंवा प्रचंड खरेदीतून. दोन्ही गोष्टी गावच्या मेडिकलवाल्याकडे नाहीत.

दुकानदारांच्या नैतिक बाजूलाही एक भगदाड आहे. महेश झगडे राज्याचे अन्न व औषध आयुक्त असताना, २०११ नंतरच्या काळात, फार्मासिस्ट हजर नसलेल्या आणि चिठ्ठीविना औषध देणाऱ्या दुकानांवर राज्यभर मोहीम चालली. त्या वेळीही विक्रेत्यांनी निषेध केला. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भाड्याने घेऊन भिंतीवर टांगणे हा धंदा महाराष्ट्राला अपरिचित नव्हता आणि आजही नाही. अंग दुखते म्हणून काउंटरवरूनच ‘दोन गोळ्या द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक आणि प्रतिजैविकाची अर्धी मात्रा कापून देणारा पोरगा, हे दृश्य इंटरनेटच्या कितीतरी आधीचे आहे. म्हणून ऑनलाइन विक्रीची तुलना कायद्यातल्या आदर्श दुकानाशी करायची की प्रत्यक्षातल्या दुकानाशी, यावर उत्तर बदलते.

केंद्राने २८ ऑगस्ट २०१८ ला ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध केला. क्रमांक जीएसआर ८१७ (ई). तो वाचण्यासारखा आहे, कारण इतक्या वर्षांत सरकारने या विषयावर दिलेले सर्वांत नेमके उत्तर तेच आहे. ई-फार्मसीची नोंदणी राज्याकडे नव्हे तर केंद्रीय परवाना अधिकाऱ्याकडे. शुल्क पन्नास हजार रुपये, मुदत तीन वर्षे. एकदा नोंदणी झाली की देशभर विक्री. मादक द्रव्ये, मनोव्यापारांवर परिणाम करणारी औषधे आणि परिशिष्ट ‘एक्स’ वर्ज्य. रुग्ण आणि डॉक्टर यांची पडताळणी फार्मासिस्टने करायची. आठवड्याचे सातही दिवस, रोज किमान बारा तास गिऱ्हाइकाच्या शंकांना उत्तर द्यायला माणूस हवा. दर दोन वर्षांनी जागेची तपासणी. माहितीचा साठा देशातच ठेवायचा आणि रुग्णाची माहिती सरकारशिवाय कोणाला द्यायची नाही. औषधांची जाहिरात बंद. हरकतींसाठी ४५ दिवस दिले होते. ते कधीच संपले. मसुद्याचा नियम मात्र झाला नाही.

दरम्यान न्यायालयांनी आपला भाग केला. त्वचारोगतज्ज्ञ डॉ. झहीर अहमद यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१८ ला परवान्याविना ऑनलाइन औषधविक्रीला मनाई केली. पाचच दिवसांनी मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी नियम येईपर्यंत विक्री थांबवा असे सांगितले. त्यावर खंडपीठाने स्थगिती दिली. दिल्लीचा आदेश पाळा असे देशाच्या औषध महानियंत्रकांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला राज्यांना कळवले. कंपन्यांचे म्हणणे असे की आदेश ‘परवान्याविना’ विक्रीला आहे आणि आमच्याकडून जाणारे औषध परवानाधारक दुकानातूनच जाते. विक्री चालूच राहिली.

मग महामारी आली. टाळेबंदी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी, २६ मार्च २०२० ला, केंद्राने कायद्याच्या कलम २६ ब खाली अधिसूचना काढली: जीएसआर २२० (ई). परवानाधारक दुकानदाराला चिठ्ठी ई-मेलवर घेऊन घरपोच औषध देण्याची मुभा मिळाली. एच १, ‘एक्स’ आणि मादक द्रव्ये वगळली. अचानक उद्भवलेल्या दुखण्याची चिठ्ठी सात दिवसांच्या आत, जुनाट आजाराची तीस दिवसांच्या आत हवी. आणि एक अट अशी, जिच्यावर शहरात कोणी फार विचार केला नाही: औषध ज्या महसुली जिल्ह्यात दुकान आहे त्याच जिल्ह्यातल्या रुग्णाला द्यायचे.

नकाशा उघडला की ही अट टेंभुर्णीला काय करते ते दिसते. जाफराबाद तालुका जालना जिल्ह्याच्या उत्तर कडेला, बुलढाणा जिल्ह्याला चिकटून आहे. देऊळगाव राजा आणि चिखली या तालुक्याच्या रोजच्या संबंधातल्या बाजारपेठा. दोन्ही बुलढाणा जिल्ह्यात. माणूस मोटारसायकलवर तिकडे जाऊन औषध आणू शकतो. त्याला कायदा अडवत नाही. तिथल्या दुकानदाराने तेच औषध पोराच्या हातून टेंभुर्णीला पाठवले तर ते अधिसूचनेच्या बाहेर. जालन्याहून किंवा परतूरहून पाठवले तर चालते, अंतर कितीही असो. जिल्हा बदलला की प्रशासनही बदलते: जालना छत्रपती संभाजीनगर विभागात, बुलढाणा अमरावती विभागात. अधिसूचनेने आखलेली ही हद्द औषधाच्या सुरक्षिततेची नाही, तपासणी अधिकाऱ्याच्या अखत्यारीची आहे, हे इथे उघड होते. आणि अख्ख्या देशात विकणाऱ्या कंपन्या याच अधिसूचनेचा आधार सांगत असतील, तर जिल्ह्याची ही अट त्यांच्या रोजच्या व्यवहारात कुठे आहे, हा विक्रेत्यांच्या संघटनेचा प्रश्न रास्त ठरतो. अधिसूचनेला शेवटची तारीख नव्हती. महामारी संपल्यावर ती मागे घ्या, अशी संघटनेची मागणी त्यामुळेच आहे.

(टेंभुर्णी नावाचे दुसरे, जास्त प्रसिद्ध गाव सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात महामार्गावर आहे. पत्त्यात जिल्हा किंवा पिन कोड चुकला तर औषधाचे खोके तिकडे निघते. कायद्यात या अडचणीची तरतूद नाही.)

महामारीने पैसाही आणला. रिलायन्सने ऑगस्ट २०२० मध्ये नेटमेड्सच्या मूळ कंपनीतला मोठा हिस्सा सुमारे ६२० कोटी रुपयांना घेतला, २०२१ मध्ये टाटांनी वन-एमजी घेतली, आणि मुंबईच्या फार्मईझीने त्याच वर्षी नवी मुंबईच्या थायरोकेअरमधला मोठा हिस्सा ४,५४६ कोटींना विकत घेण्याचा करार केला. औषध, तपासणी आणि डॉक्टर एकाच अ‍ॅपमध्ये आले. हे भांडण आता छोट्या दुकानदाराचे आणि उपऱ्या स्टार्टअपचे राहिले नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी वीसहून अधिक कंपन्यांना कारणे दाखवा नोटिसा धाडल्या. त्याआधी, जून २०२२ मध्ये, वाणिज्य विषयक संसदीय स्थायी समितीने ई-फार्मसीचे नियम लवकर करा असे सुचवले होते, आणि जुलै २०२२ मध्ये औषधांच्या नव्या कायद्याचा मसुदाही आला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये धोरणासाठी केंद्राला आठ आठवड्यांची शेवटची संधी दिली. मार्च २०२४ मध्ये चार महिन्यांची आणखी एक शेवटची संधी दिली.

जालन्याच्या वाचकाला इथे एक गोष्ट खटकेल. हा बियाण्यांचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांची महिको इथलीच, आणि कृषी सेवा केंद्राची पाटी मेडिकलच्या पाटीइतकीच ओळखीची. कीटकनाशकांनाही परवाना लागतो, त्यांनीही माणसे दगावतात. पण केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये १९७१ च्या कीटकनाशक नियमांत दुरुस्ती करून परवानाधारकाला ऑनलाइन विक्रीची मुभा दिली आणि विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीवर टाकली. दोन ओळींचे उत्तर. फवारणीच्या औषधासाठी जे करता आले ते तापाच्या औषधासाठी इतकी वर्षे मसुद्यात का अडकले, याचे तांत्रिक कारण सापडत नाही.

जबाबदारी अशी कोणावर तरी ठेवणे का गरजेचे, ते दोन प्रसंगांतून दिसते. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांची मागणी एका मोठ्या संकेतस्थळावर स्वतःच नोंदवून पाहिली. या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. चिठ्ठी न मागताच पार्सल आले, तेही दुसऱ्या राज्यातून. मुंबईत गुन्हा नोंदवला गेला. दुसरा प्रसंग ऑक्टोबर २०२५ चा. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचे सिरप घेतलेली मुले दगावली. त्यांतली काही नागपुरात उपचार घेत होती. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले, जे. जे. रुग्णालयात चाळीस वर्षांपूर्वी निघाले होते तेच विष. महाराष्ट्राच्या प्रशासनाने एसआर-१३ ही बॅच कोणाकडे असेल तर वापरू नका आणि १८००-२२२-३६५ वर कळवा, असे जाहीर केले. औषध परत मागवण्याची वाट कंपनी, स्टॉकिस्ट, दुकान अशी उतरते आणि बिलातल्या बॅच क्रमांकावर चालते. गावच्या दुकानदाराला बाटली कोणाच्या घरी गेली हे बहुधा तोंडपाठ असते. ऑनलाइन विक्रेत्याकडे तर गिऱ्हाइकाचा फोन नंबरच असतो. नीट वापरला तर या एका बाबतीत तो दुकानाच्या पुढे आहे. मात्र बॅच क्रमांक आणि गिऱ्हाईक यांची जोडी त्याने जपलीच पाहिजे, असा ई-फार्मसीसाठीचा खास नियम मसुद्याबाहेर आलेला नाही.

बनावट औषधाचा दोष एकट्या ऑनलाइनच्या माथी मारणे मराठवाड्यात तरी अवघड आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयाला पुरवलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे उघड झाले आणि पुरवठादारांवर गुन्हा दाखल झाला. तो माल निविदेतून आला होता. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या तीनशे ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला, तो या रोगावरचा एक उपाय. पण तो तीनशेपुरताच.

टेंभुर्णीच्या गिऱ्हाइकापुरते पाहिले तर ऑनलाइनचा फायदा एका गटाला ठळक आहे: बीपी, शुगर, थायरॉइड यांच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणारी माणसे, ज्यांची मुले पुण्यात किंवा संभाजीनगरला असतात आणि तिकडून मागणी नोंदवतात. न मिळणारा ब्रँड मिळतो, सूट मिळते. रोजंदारीवरच्या माणसाला मात्र अ‍ॅप परवडत नाही, कारण अ‍ॅपवर पूर्ण पाकीट घ्यावे लागते आणि घरपोच आकार वेगळा. त्याला चार गोळ्या हव्या असतात. काउंटरवर पाकीट कापून त्या मिळतात. चांगला दुकानदार कापताना बॅच आणि एक्स्पायरी छापलेला तुकडा आपल्याकडे शेवटपर्यंत राखतो, वाईट दुकानदार तोच आधी देतो. इन्सुलिनचे आणखी वेगळे. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे. एप्रिल-मे मध्ये जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो. खोके तालुक्याच्या गोदामात एक दुपार राहिले आणि आतला बर्फाचा पाऊच पाणी झाला, तर कुपी दिसायला तशीच असते. स्वस्त औषधाचा शोध असेल त्याला जनऔषधी केंद्रही आहे, आणि ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले आहेत. अ‍ॅपची ‘दहा मिनिटांत औषध’ ही जाहिरात मात्र मुंबई-पुण्याची आहे, टेंभुर्णीची नव्हे.

परदेशांनी हा प्रश्न बंदीने सोडवलेला नाही. अमेरिकेत रायन हेट हा अठरा वर्षांचा मुलगा इंटरनेटवरून मागवलेल्या वेदनाशामकाने २००१ मध्ये गेला. त्याच्या नावाचा कायदा २००८ मध्ये झाला आणि प्रत्यक्ष तपासणीविना नियंत्रित औषधांच्या ऑनलाइन चिठ्ठीला चाप बसला. युरोपीय संघात २०१५ पासून कायदेशीर औषध-संकेतस्थळावर एकच चिन्ह असते. त्यावर बोट ठेवले की त्या देशाच्या सरकारी यादीतले विक्रेत्याचे नाव उघडते. भिंतीवरच्या चौकटीतल्या परवान्याचे हे मोबाइलवरचे रूप म्हणता येईल. चीननेही डिसेंबर २०२२ पासून चिठ्ठीवरच्या औषधांच्या ऑनलाइन विक्रीला नियमात बसवले.

भारतात आज गिऱ्हाइकाच्या हाती जे आहे ते इतर कायद्यांतून जमवावे लागते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे संकेतस्थळाने विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदाराला तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येते. कंपनी गुरुग्रामची असली तरी टेंभुर्णीच्या माणसाला जालन्याबाहेर जावे लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आणि १९४० च्या मूळ कायद्यातच, कलम २६ मध्ये, फारसा कोणी न वापरलेला एक हक्क आहे: विकत घेतलेले औषध ठरलेले शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देण्याचा आणि त्याचा सहीचा अहवाल मिळवण्याचा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची प्रयोगशाळा मुंबई आणि नागपूरप्रमाणे छत्रपती संभाजीनगरलाही आहे. अर्जासोबत औषध मूळ वेष्टनात द्यायचे आणि ते कोणाकडून घेतले ते सांगायचे. त्यासाठी बिल जपून ठेवावे लागते, आणि त्या बिलावर अ‍ॅपचे नाव नव्हे, तर औषध देणाऱ्या दुकानाचे नाव, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक आहे की नाही ते खोके घेतानाच पाहावे लागते.